पाहुणे अभ्यासक, घरचे माहितीदार

शिमल्याच्या टेकडीवर व्हाइसरॉयचा जुना महाल आहे. १८८८ साली लॉर्ड डफरिनच्या कारकिर्दीत तो बांधून पुरा झाला. १९०६ च्या ऑक्टोबरात आगाखानांच्या पुढारपणाखाली मुस्लिम उमरावांचे शिष्टमंडळ लॉर्ड मिंटोपुढे अर्ज घेऊन गेले ते शिमल्यालाच. १९४५ साली मौलाना अबुल कलाम आझाद काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून वेव्हेलच्या परिषदेत बसले, तेही याच महालात. पुढे राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी हा महाल अभ्यासकांच्या हवाली केला आणि १९६५ साली तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्थान सुरू झाले. राजवाडा सोडला तो पुस्तकांसाठी, ही गोष्ट आम्हांला आजही मोठी वाटते. पुढे टीका करायची आहे म्हणून तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

अशा संस्थांचे काम कसे चालते हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, म्हणजे ज्यांना मानव्यविद्या म्हणतात त्या विषयांतला माणूस निवडला जातो. ठरावीक मुदतीसाठी त्याला राहायला जागा, बसायला खोली, दरमहा रक्कम आणि हाताशी ग्रंथालय मिळते. वर्गावर जायचे नाही, पेपर तपासायचे नाहीत. आपले काम इतर फेलोंसमोर वाचून दाखवायचे, त्यांच्या शंकांना तोंड द्यायचे आणि मुदत संपताना हस्तलिखित संस्थेच्या स्वाधीन करायचे. भालचंद्र नेमाडे तिथे फेलो होते. देशीवादावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक याच संस्थेने २००९ साली छापले. (देशीवाद इंग्रजीत, आणि तोही व्हाइसरॉयच्या महालातून! असो.) ज्यांना फार दिवस नोकरी सोडून जाता येत नाही अशा विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने तिथेच एक आंतरविद्यापीठीय केंद्र काढले होते. तीन वर्षे, दरवर्षी एकेक महिना, सहयोगी म्हणून येऊन राहायचे, अशी त्या योजनेची आखणी होती. एडिंबरा विद्यापीठातली मानव्यविद्यांची संस्था १९६९ साली निघाली. तीही याच धर्तीवर देशोदेशीच्या पाहुण्या अभ्यासकांना बोलावत आली आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांतही आता अध्यासने आहेत, केंद्रे आहेत, अतिथी संशोधकांच्या जागा आहेत.

या सगळ्या रचनेत शाळेचा शिक्षक कुठे बसतो? कुठेच बसत नाही. अनुदान आयोगाचा हात महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत पोचतो. त्याच्या अलीकडे दहावीचा वर्ग घेणारा, जनगणनेला जाणारा, मतदारयाद्या दुरुस्त करणारा जो माणूस आहे, त्याने संशोधन करावे अशी कोणाची अपेक्षाच नाही. त्याने माहिती द्यावी, एवढी मात्र अपेक्षा सगळ्यांची असते.

आम्हां उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना अधूनमधून असा एखादा पाहुणा अभ्यासक भेटतो. कोणाची तरी चिठ्ठी घेऊन येतो. माणूस बहुधा सज्जन असतो. त्याला दर्ग्याच्या दारावरचा फारसी कतबा वाचून हवा असतो, मुजावरांच्या घरातली सनद बघायची असते, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खालाजानशी बोलायचे असते. खालाजान परक्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत. 'मास्टरसाब' सोबत असले की मात्र चहा टाकतात आणि तासभर बोलतात. शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्याबरोबर हिंडतो. सनदेच्या दर्शनी बाजूची फारसी आणि पाठीवरचा मोडी शेरा यांचा मेळ घालून देतो. कोण कोणाचा दामाद आणि कोणते इनाम कोणत्या भांडणात कसे विभागले गेले हे समजावून सांगतो. दोन-तीन वर्षांनी पुस्तक निघते. त्याची किंमत पौंडांत असते. प्रास्ताविकात विद्यापीठाचे, अभ्यासवृत्ती देणाऱ्या संस्थेचे, मार्गदर्शकाचे आणि पत्नीचे नाव घेऊन आभार मानलेले असतात. शेवटी 'स्थानिक माहितीदार' म्हणून एक शब्द असतो. तो आम्ही.

एका विद्यापीठाच्या अशाच केंद्राकडे आमच्यातल्या तिघांनी मिळून एकदा अर्ज पाठवला होता. विषय होता तालुक्यातल्या दर्ग्या-मशिदींच्या इनामी सनदांचा. उत्तर दोन ओळींचे आले. अर्जदार पीएच.डी. नाहीत आणि कोणत्याही विद्यापीठाशी वा महाविद्यालयाशी संलग्न नाहीत. विषयाबद्दल बरा-वाईट एक शब्द नव्हता. बहुधा अर्जाचे दुसरे पान कोणी उलटलेच नसावे.

आता कोणी म्हणेल, मास्तरांना मान हवा आहे, म्हणून ही रडकथा. मानाचा भाग सोडून देऊ. प्रश्न मराठी मुसलमानांच्या इतिहासाचा आहे. तो कोणत्या भाषेत लिहिला जातो आणि कोणाच्या हाती पडतो, हे बघू.

औरंगाबादचे उदाहरण घ्या. (शहराचे सरकारी नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. आम्ही जुन्या काळाबद्दल बोलतो आहोत म्हणून जुने नाव.) पाणचक्की बघायला आपण सगळेच गेलो आहोत. हौदाजवळ फोटो काढले आहेत. त्याच आवारात बाबा शाह मुसाफिर यांची मजार आहे. हे बुजुर्ग बुखाऱ्याच्या बाजूने आलेले. औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये स्थिरावले. त्यांच्या आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश यांच्या हकीकती शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवल्या. 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया' असे त्या पुस्तकाचे नाव. बादशहाच्या फौजेतले तुराणी सिपाही, त्यांची कर्जे, आजार, लढाईवर निघण्यापूर्वीची धास्ती, खानकाहीत येणारे-जाणारे दरवेश, हे सगळे त्यात आहे. दख्खनच्या त्या पंचवीस वर्षांच्या लढाया बखरीत आणि अखबारात आपण वाचतो. त्या लढाया लढणारी साधी माणसे इथे भेटतात. सायमन डिग्बी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि २००१ साली ऑक्सफर्डने ते छापले. औरंगाबादच्या सूफी दर्ग्यांचा सतराव्या शतकापासूनचा इतिहास नाइल ग्रीन या ब्रिटिश अभ्यासकाने लिहिला. ते पुस्तक २००६ चे. विजापूरच्या सूफींवरचे रिचर्ड ईटन यांचे पुस्तक १९७८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने काढले.

या तिघांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांनी आमच्या गल्लीतली गोष्ट आम्हांला सांगितली. तरीही विचारावेसे वाटते की पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या, उर्दू शाळेत शिकणाऱ्या पोराला शाह मुसाफिर कोण होते हे कळण्यासाठी आधी इंग्रजी आणि मग पौंड का लागावेत? त्याच्या उस्तादाला फारसी थोडीफार येते, उर्दू येते, मराठी येते. त्याला सहा महिने मोकळे बसवले असते तर ही हकीकत मराठीत यायला काय हरकत होती?

ईटन यांचेच एक निरीक्षण बघा. दख्खनमध्ये सूफींचा विचार घराघरात पोचला तो मोठ्या ग्रंथांमुळे नाही. दळण दळताना, चरखा चालवताना बायका जी दखनी गाणी म्हणत, त्या चक्कीनाम्यांनी आणि चरखानाम्यांनी तो पोचवला, असे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकन माणसाने हे हस्तलिखितांतून शोधून काढले. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे फार मोठे काम पुण्यात गी पॉटव्हॅ आणि हेमा राईरकर यांनी केले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गावोगावच्या बायकांनीच त्या जमवल्या आणि गाणारीचे नाव-गाव नोंदवले गेले. पॉटव्हॅ हेही मूळचे फ्रान्सचे, पण त्यांच्या कामात सांगणारी बाई निनावी राहिली नाही. म्हणजे ठरवले तर ही रीत पाळता येते. आपल्या मोहल्ल्यांतल्या दखनी चक्कीनाम्यांसाठी मात्र असे मंडळ उभे राहिले नाही. आणि ज्या नानी-दादींना ती गाणी येत होती त्यांच्यातल्या किती उरल्या आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरात मोजून बघावे.

हे काम शाळेच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणणाऱ्याला आम्ही मौलवी अब्दुल हक यांच्याकडे बोट दाखवतो. बाबा-ए-उर्दू ही पदवी पुढची. औरंगाबादेत होते तेव्हा ते निजामाच्या शिक्षणखात्यातले अधिकारी होते, शाळा तपासत फिरणारे. १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूची सूत्रे हाती आली आणि तिचे दफ्तर त्यांनी औरंगाबादेत आणले. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक तिथून निघू लागले. मुल्ला वजहीचे 'सबरस' लोक विसरले होते. ते त्यांनी संपादित करून छापले. उर्दूचा इतिहास दिल्ली-लखनौपासून सुरू होतो असे मानणाऱ्यांना दखनीची दोन-तीनशे वर्षे आधीची परंपरा मान्य करावी लागली, ती अशा छापील पुराव्यांमुळे. १९३८ मध्ये अंजुमन दिल्लीला गेली. पण सव्वीस वर्षे हिंदुस्थानातल्या उर्दू संशोधनाचा एक मोठा पत्ता मराठवाड्यातला होता, हे आपण मराठी वाचकांना कधी सांगितले का?

मराठीतही तेच आहे. सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी फारसी साधने मराठीत आणली, सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिले. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी कागदांचे खंड सिद्ध केले. श्रीगोंद्याचे शेख महंमद, गीतेवर टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, बहामनी घराण्यातले म्हणवणारे मुंतोजी, हे सगळे 'मुसलमान मराठी संतकवी' म्हणून एका ग्रंथात एकत्र आणले ते रा. चिं. ढेरे यांनी. आम्ही दरवर्षी आमच्या संमेलनात शेख महंमदांचे नाव घेतो. 'योगसंग्राम' उघडून वाचणारे आमच्यात किती असतील, हा प्रश्न व्यासपीठावर कोणी विचारत नाही.

पाहुणा येतो आणि जातो, याची एक जास्त कडू बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ साली निघाले. त्याने आभारात पुण्यातल्या विद्वानांचा उल्लेख केला होता. त्यातल्या एका संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. लेखक त्या वेळी सातासमुद्रापलीकडे होता. पुस्तक कसे होते, त्यातले वादग्रस्त वाक्य किती बेजबाबदार होते, हा वेगळा विषय. पण जो इथे राहतो त्याला जबाबदारी सगळी आणि अधिकार काहीच नाही, ही आजची व्यवस्था आहे. दर्ग्याच्या वादावर, मशिदीच्या जुन्या कागदांवर हल्ली काय काय पेटते ते आपण बघतोच. अशा वेळी कागद वाचता येणारा, तो छापून चर्चेला ठेवलेला आणि त्यामागे विद्यापीठाचा शिक्का असलेला घरचा माणूस असणे ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

शाळाशिक्षकाला फेलो करण्याची कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. केंब्रिजच्या काही कॉलेजांत शाळेच्या शिक्षकाला एका सत्रापुरते बोलावून, जेवूखाऊ घालून, त्याच्या आवडीच्या विषयावर वाचन-लेखन करू देण्याची प्रथा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने १९७८ साली न्यू हेवन शहरातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांसाठी एक संस्था काढली. शिक्षक विद्यापीठातल्या प्राध्यापकांबरोबर बसतात आणि आपल्या वर्गासाठी अभ्यासघटक लिहून काढतात. तिथे त्यांना म्हणतात फेलो. येलला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या विद्यापीठांना वाटतो, कारण इथे पदवीचा दाखला आधी तपासला जातो आणि कागद मागून.

दर्जाचे काय, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या समाजात इतिहासाच्या नावाखाली काय चालते ते आम्हांला माहीत आहे. थोडे पैसे आले की घराण्याचा शजरा थेट अरबस्तानात जाऊन पोचतो. दर्ग्याच्या दारात करामतींच्या पुस्तिका विकल्या जातात, त्यांत सनांचा पत्ता नसतो. दुसऱ्या बाजूला प्रत्येक कबरीखाली दुसरेच काही शोधणारे बसले आहेत. अशा वातावरणात हौशी मास्तराच्या हाती इतिहास दिला तर तो आणखी एक शजरा लिहील, ही भीती खोटी नाही. पण याचा इलाज काय? मास्तराला बाहेर ठेवणे, की त्याला अशा खोलीत नेऊन बसवणे जिथे समोरचे दहा जण त्याला विचारतील की हे तुला कशावरून कळले? आठवड्याच्या चर्चासत्रात आपला निबंध वाचावा लागला की सन, शिक्का, अक्षर आणि कागद यांची किंमत कळते. फेलोशिपमधल्या पैशांहून आम्हांला ती खोली जास्त हवी आहे.

सरकारकडून काय मिळाले तेही सांगायला हवे. २००६ च्या सच्चर अहवालानंतर, २००९ पासून, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. ती एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्यांसाठी होती, म्हणजे शाळाशिक्षकाला तिचाही थेट उपयोग नव्हता. तरी आपल्या कितीतरी मुला-मुलींनी तिच्या आधारावर संशोधन केले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की ही योजना २०२२-२३ पासून बंद. कारण काय, तर इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे. मौलाना आझाद ज्या महालात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बसले तो अभ्यासकांना मिळाला, आणि त्यांच्या नावाची अभ्यासवृत्ती मात्र गेली.

मात्र सगळा दोष दिल्लीवर ढकलून आपल्या धनिकांना मोकळे सोडता येणार नाही. आपल्याकडे पैसा अगदीच नाही असे नाही. गेल्या काही दशकांत बिरादरीच्या पैशातून शादीखाने झाले, डी.एड. कॉलेजे निघाली, तंत्रनिकेतने निघाली. यांतले बरेचसे चांगलेच झाले. पण 'आर्ट्स' म्हणजे ज्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही त्याची जागा, ही समजूत मात्र घट्ट बसली. मुलगी बारावीला चांगले गुण मिळवून इतिहास घेते म्हणाली तर घरात मातम होतो. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामने १९४७ साली उर्दू संशोधन संस्था काढली. प्रा. नजीब अशरफ नदवी यांच्यासारखा विद्वान तिथे होता आणि 'नवा-ए-अदब' हे संशोधनाचे नियतकालिक निघाले. अशी दुसरी संस्था खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात आपण का उभी केली नाही?

आणि पाहुण्या अभ्यासकाची सोय करणे ही काही विलायती कल्पना नाही. पाणचक्की कशासाठी होती? डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळातून आणून, त्यावर जाते फिरवून, खानकाहीत उतरलेल्या फकिरांचे, मुसाफिरांचे दळण दळण्यासाठी. तिथल्या ग्रंथसंग्रहाची एके काळी ख्याती होती. राहायला जागा, खायला भाकरी, वाचायला किताबे आणि बसायला सोबत. शिमल्याच्या जाहिरातीत यापेक्षा वेगळे काय असते? वक्फ म्हणजे हेच होते. आज वक्फच्या जमिनींवर कोण बसले आहे याचे खटले चालू आहेत. त्या जमिनींच्या उत्पन्नातून एखाद्या तालिब-ए-इल्मला वर्षभर पोसावे, हा विषय कोणत्याही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या पाहण्यात आलेला नाही.

आमची मागणी लहान आहे. महाराष्ट्रातल्या ज्या विद्यापीठात मानव्यविद्येचे संशोधन केंद्र आहे आणि अतिथी अभ्यासकांच्या जागा आहेत, तिथे दरवर्षी दोन जागा नोकरीत असलेल्या शाळाशिक्षकांसाठी ठेवाव्यात. मुदत सहा महिने. पीएच.डी.ची अट नसावी. अर्जासोबत मूळ कागदाचा एक नमुना, त्याचे वाचन आणि त्याचा अर्थ मागावा, म्हणजे पात्रता आपोआप कळेल. काम मराठीत किंवा उर्दूत लिहिण्याची मुभा असावी. शिक्षण विभागाने त्या काळात त्याला कर्तव्यावर असल्याचे धरावे. आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला जागा देताना केंद्राने एक अट त्यालाही घालावी: ज्याने कागद वाचून दिला त्याचे नाव पुस्तकात येईल आणि पुस्तकाची एक प्रत त्या गावच्या शाळेत पोचेल.

बदली शिक्षकाचा पगार कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. सहा महिन्यांचा तो पगार आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी वलीम्याच्या खर्चाहून कमी भरेल. विद्यापीठ जागा देत असेल तर तेवढी रक्कम जिल्ह्याजिल्ह्यातल्या अंजुमनांनी उचलावी. आम्ही दोन अंजुमनांशी बोललो आहोत. एकीने नकार दिला, दुसरीने लेखी प्रस्ताव मागितला आहे.

प्रस्ताव लिहिणे चालू आहे. त्यासाठी कोकण, खानदेश, मराठवाडा, सोलापूर या भागांतल्या ज्या शिक्षक बंधू-भगिनींच्या पाहण्यात जुन्या सनदा, कतबे, चक्कीनाम्यांच्या वह्या, बंद पडलेल्या उर्दू शाळांची दफ्तरे असतील, त्यांनी त्यांची यादी या वार्षिकाच्या संपादकांकडे पाठवावी. गावाचे नाव, कागद कोणाकडे आहे, भाषा, लिपी आणि कागदाची हालत, एवढे पुरे. वाळवी लागली असेल तर तसे आधी लिहावे.